अंगाच्या रंगाचं कापड

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल, पणजीहून धाकट्या बहिणीचं पार्सल आलं. आत भाचीच्या मापाच्या दोन टाइट्स, साडेचार मीटर पांढरी नेट, दोन मीटर लाल साटीन आणि तिच्या बॅलेच्या क्लासने छापून दिलेला एक कागद. कुठल्या नाचाला काय घालायचं त्याची यादी होती त्यावर. पहिलीच ओळ, ‘टाइट्स : अंगाच्या रंगाच्या’.

मी टाइट्स पिशवीतून काढून कापायच्या टेबलावर पसरल्या. रंग उकडलेल्या सुंगटांसारखा, फिकट गुलाबी. शेजारी माझा हात ठेवून पाहिला. तेवढ्यात फॉल लावायला आलेल्या बाईलाही म्हटलं, जरा हात ठेव गो इथे. दिवसभरात माझ्या दुकानात कितीतरी बायका येतात. गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या, उन्हात मासे सुकवून रापलेल्या. त्यातल्या एकीचंही अंग या रंगाचं नव्हतं. भाचीचं तर नाहीच. ती आमच्या बाबांवर गेलीय, चांगली काळीसावळी.

बहिणीला फोन लावला. म्हटलं, “अंगाच्या रंगाच्या म्हणजे कुणाच्या अंगाच्या गं?”

ती म्हणाली, “ताई, तसंच म्हणतात त्याला. तू झगा शिव ना.”

झगा मी शिवला. पण तो शब्द डोक्यातून जाईना.

मी शिंपीण. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं लहानसं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश हे बारमाही काम. पण कार्तिकी पुनव झाली, जत्रा सुरू झाल्या, की दशावताराचं काम अंगावर येतं. २६ वर्षं मी दशावतारी कलाकारांचे कपडे शिवतेय. राजपार्टीचे जरीचे अंगरखे, संकासुराचा काळा पोशाख आणि सगळ्यात जास्त स्त्रीपार्टीचे ब्लाउज. पुरुषाच्या अंगावर बाईचा ब्लाउज बसवणं सोपं नसतं. खांदा रुंद, मुंढा खोल, पाठीचं माप वेगळं, टक्स कुठे घ्यायचे ते नव्याने ठरवायचं. दोन प्रवेशांच्या मधे झटकन बदलता यावा म्हणून हुकांऐवजी वेल्क्रो. आणि बाह्या मनगटापर्यंत, कारण तोंडाला सफेदा, पिवडी लावून गोरंपान केलं तरी हात रंगवायला वेळ नसतो. तोंड राणीचं आणि हात नांगर धरणाऱ्याचे, असं दिसू नये म्हणून हात झाकायचे. हे मी २६ वर्षं बिनबोभाट केलं. ‘अंगाच्या रंगाचं’ म्हणजे काय, हा प्रश्न माझ्याच टेबलावर इतकी वर्षं पडून होता आणि मला तो दिसला नव्हता.

भाची १३ वर्षांची. सातव्या वर्षापासून बॅले शिकते. तिच्यामुळे मला या नाचाची ओळख झाली. यंदा नाताळच्या दोन दिवस आधी त्यांचा ‘नटक्रॅकर’ होता. गोष्ट जर्मन लेखक हॉफमनची, १८१६ सालची. नाताळच्या रात्री एका मुलीला अक्रोड फोडायचा लाकडी बाहुला भेट मिळतो, रात्री तो जिवंत होऊन उंदरांच्या राजाशी लढतो आणि मग तिला गोडाधोडाच्या राज्यात घेऊन जातो. त्यावर रशियन संगीतकार चायकॉव्हस्कीने संगीत केलं आणि डिसेंबर १८९२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की थिएटरात पहिला प्रयोग झाला. तेव्हा तो फारसा कुणाला आवडला नाही. पुढे अमेरिकेत, १९४४ मध्ये सान फ्रान्सिस्कोला तो पुरा बसवला गेला आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कला नृत्यदिग्दर्शक बालनशीनने बसवला, त्यानंतर तो नाताळचा रिवाजच होऊन गेला. आज तिकडच्या कितीतरी बॅले कंपन्यांचं वर्षाचं गणित या एका खेळाच्या तिकिटांवर बसतं. हे मला लगेच कळलं. आमच्याकडेही दशावताराची कंपनी जत्रांवरच जगते. तेच देव, तेच संकासुर, तेच लोक दर वर्षी तितक्याच ओढीने बघायला येतात.

टाइट्स गुलाबी का, तेही मी शोधून काढलं. भाचीने पाठवलेले व्हिडिओ रात्री दुकान बंद केल्यावर बघत बसायचे. बॅलेत पायाची रेघ महत्त्वाची. कमरेपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत पाय एकसंध, न तुटता लांबच लांब दिसला पाहिजे. म्हणून बूट आणि टाइट्स अंगाच्याच रंगाचे. शिवणकाम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट पटते. एका रंगाचं कापड माणसाला उंच दाखवतं, रंग मधेच बदलला की नजर तिथे अडते. पण हा नाच ज्यांच्या दरबारात वाढला त्यांची अंगं गुलाबी होती. तोच गुलाबी रंग सावळ्या मुलीला घातला की पाय कमरेपाशी तुटतो. वर एक माणूस, खाली दुसऱ्याचे पाय. ज्या कारणासाठी तो रंग आला, ते कारणच तिथे मोडतं.

आणि हे मला एकटीलाच सुचलंय असं नाही, हेही कळलं. आर्थर मिचेल नावाचा कृष्णवर्णीय नर्तक १९५५ मध्ये न्यूयॉर्क सिटी बॅलेत गेला, त्याने १९६९ मध्ये हार्लेममध्ये स्वतःची संस्था काढली, डान्स थिएटर ऑफ हार्लेम. सत्तरच्या दशकात त्यांनी आपल्या नर्तकांच्या टाइट्स आणि बूट प्रत्येकाच्या अंगाच्या रंगाचे करून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे माझं लग्न व्हायच्या आधीची ही गोष्ट. तरी बुटांचा मोठा ब्रिटिश कारखाना असलेल्या फ्रीडने तपकिरी आणि ब्राँझ रंगाचे पॉइंट शूज, म्हणजे बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट, बाजारात आणायला २०१८ उजाडलं. तेही बॅले ब्लॅक या लंडनच्या संस्थेबरोबर काम करून. तोवर सावळ्या मुली नवा गुलाबी जोड घ्यायच्या आणि तोंडाला लावायचं फाउंडेशन स्पंजने त्या साटीनवर थापायच्या. प्रत्येक जोडाला.

हे पॉइंट शूज मी बहिणीकडून एक जुना जोड मागवून उसवून पाहिले. मला वाटलं होतं पुढे लाकूड असेल. लाकूड नाही. कापड, कागद, खळ, पुन्हा कापड, असे थर एकावर एक चिकटवून पुढचा टणक डबा केलेला. पायाच्या घामाने आणि नाचाने तो मऊ पडतो आणि मोठ्या नर्तकीचा एक जोड एका रात्रीत संपू शकतो. मला आरवलीच्या वेतोबाची आठवण झाली. त्याला लोक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. रात्री तो गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. झिजलेलं पायताण हे कुणीतरी आपल्यासाठी रात्रभर उभं होतं याची खूण असते. भाचीचा तो जोड मी टाकून दिला नाही, मशीनच्या वरच्या फळीवर ठेवलाय.

टाइट्स रंगवायचं ठरवलं ते सासऱ्यांच्या आठवणीने. ते रापणकर. त्यांच्या तरुणपणी जाळी सुताची असायची, नायलॉन नंतर आलं. सुताचं जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाची साल कुटून मोठ्या हंड्यात उकळायची आणि त्या काढ्यात जाळं बुडवायचं. जाळं तपकिरी व्हायचं आणि टिकायचं. सासूबाई सांगायच्या, त्या दिवशी सगळ्या वाड्यावर तुरट वास भरून राहायचा. मी ऐनाची साल आणवली. पहिली टाइट लोखंडी कढईत भिजवली आणि सकाळी पाहते तर राखाडी, जवळजवळ काळी. लोखंडी कढईत आवळा काळा पडतो तसंच हे. साल तुरट, तिला लोखंड लागलं की काळं होणारच. एक टाइट वाया गेली. दुसरीला अ‍ॅल्युमिनियमचा टोप घेतला. पाणी नुसतं कोमट, कारण टाइटमध्ये लायक्रा असतं, उकळत्या पाण्यात ते सैल पडतं. आधी टाइटच्या पट्टीतून कापलेल्या तुकड्यांवर चिपळूणकडचा कात घालून पाहिला, फार लाल आला. शेवटी ऐनाची साल आणि चहापूड, निम्मी निम्मी. रात्रभर भिजवायचं, सकाळी सावलीत वाळवायचं, पुन्हा रात्री बुडवायचं. तिसऱ्या रात्रीनंतरचा रंग व्हिडिओ कॉलवर भाचीला दाखवला. तिने कॅमेऱ्यासमोर आपली पोटरी धरली. कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही, मग म्हणाली, “मावशी, हा माझा पायच आहे.”

क्लासच्या बाईंशी बहिणीने माझं बोलणं करून दिलं. बाई रागावल्या नाहीत, शांतपणे समजावत होत्या. म्हणाल्या, “बर्फाच्या नाचात १६ मुली आहेत. एकही वेगळी दिसून चालणार नाही. सगळ्यांचा मिळून एक बर्फ दिसला पाहिजे.” मी म्हटलं, “पाय एकसारखे केलेत बाई, पण हात, मान, तोंड? ती तर १६ तऱ्हांचीच राहणार.” त्या म्हणाल्या, “त्याचं आम्ही बघतो.” बहिणीने नवी गुलाबी जोडी विकत घेतली. मी रंगवलेली टाइट घडी घालून बॅगेत टाकली आणि पणजीची एसटी धरली.

पणजी नाताळात फार सुंदर दिसते. गल्लोगल्ली कागदी नक्षत्रं टांगलेली, बाल्कन्यांत गोठे मांडलेले, बहिणीच्या शेजारणीने दिलेली नेवऱ्यांची, दोदोलची थाळी. मी हुक, टाके सांभाळायला म्हणून पडद्यामागे होते. तिथे ‘त्याचं आम्ही बघतो’ म्हणजे काय ते पाहिलं. पावडरीची एकच डबी होती, एकाच छटेची, गोरी. एक बाई सगळ्या मुलींच्या तोंडाला, मानेला, हातांना ती लावत चालल्या होत्या. गोऱ्या पोरींवर ती दिसतही नव्हती. भाचीवर आणि रांगेतल्या आणखी एका मुलीवर दोन थर, तीन थर. रंगवलेली तोंडं बघण्यात माझा जन्म गेलाय. पांढरी पावडर सावळ्या कातडीवर पातळ लावली की माणूस गोरा दिसत नाही, राखेसारखा दिसतो. दिव्याखाली तर जास्तच. त्या दोन पोरी तापातून उठल्यासारख्या दिसत होत्या. भाचीने आरशात पाहिलं आणि मान खाली घालून बुटांच्या फिती बांधायला लागली. मी तिथेच उभी होते, हातात सुई. त्या बाईंचा हात मी धरायला हवा होता. परक्या ठिकाणी, कार्यक्रमाच्या तोंडावर, असं वाटून गप्प बसले. ते मला अजून डाचतंय.

नाच मात्र मी डोळे भरून पाहिला. बर्फाच्या नाचाला मागे मुलांचा गाणारा आवाज येतो, नुसता ‘आ’कार, शब्द नाहीत. वरून कागदाचे कपटे पडत होते. त्या १६ मुलींतल्या एकीनेही खरा बर्फ पाहिलेला नसेल. पण त्या वळत होत्या, थबकत होत्या, पुन्हा वळत होत्या आणि शेवटी सगळ्या जमिनीवर बसल्या तेव्हा सभागृहात गारवा आल्यासारखं वाटलं. भाचीची उडी सगळ्यांत उंच होती. मावशी म्हणून सांगत नाही, मी मापं घेणारी बाई आहे.

दुसऱ्या अंकात देशोदेशीचे नाच आहेत. चॉकलेट म्हणजे स्पेन, कॉफी म्हणजे अरबस्तान, चहा म्हणजे चीन. कॉफीच्या नाचाची चाल मला खूप आवडली, सावकाश, झोपेत चालल्यासारखी. ती मुळात जॉर्जियातल्या एका अंगाईवर बेतलेली आहे, अरबस्तानाची नाहीच. चहाचा नाच जेमतेम मिनिटभराचा. लाल साटीनच्या त्या शंकूसारख्या टोप्या मीच शिवल्या होत्या, यादीत लिहिलेल्या मापाने. मुली टोप्या घालून, काजळाने लांब मिशा काढून, दोन्ही हातांची एकेक तर्जनी वर करून मान हलवत टुणटुण उड्या मारत आल्या. सभागृह हसलं. प्रेमाने हसलं, लहान मुलं होती. पण मला एकदम गिरगाव आठवलं.

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यातलं. बाबा गिरगावात घरगडी होते. त्यांच्या कानात बाळी होती, तेव्हा आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांच्या असायची. त्यावरून मुंबईत आमच्या माणसांना ‘बाळ्या’ म्हणायचे. ए बाळ्या, पाणी आण. गणपतीत बाबा गावी यायचे ते जाखडीसाठी. मधे ढोलकी आणि झांज घेऊन गाणारे बसलेले, भोवती नाचणाऱ्यांचं रिंगण, पायात चाळ, शक्तीवाले आणि तुरेवाले रात्रभर सवाल टाकतायत. बाबांचा पाय इतका साफ पडायचा की अंधारातही त्यांचे चाळ ओळखू यायचे. आणि या जाखडीला मुंबईने नाव दिलं ‘बाल्या डान्स’. नोकराच्या कानातल्या दागिन्यावरून नाचाचं नाव.

मी नऊ वर्षांची असताना बाबा मला मुंबईला घेऊन गेले होते. ते जिथे काम करायचे तिथे गणपतीचा कार्यक्रम होता आणि मोठ्या शिकलेल्या घरांतली मुलं ‘बाल्या डान्स’ करणार होती. बाबा मुद्दाम मला घेऊन मागे उभे राहिले. मुलं आली. फाटके गंजीफ्रॉक, खाकी अर्ध्या चड्ड्या, कानात बांगडीएवढ्या पत्र्याच्या कड्या, कंबर मोडून मोडून नाच. लोक हसून हसून बेजार. बाबांनी शेवटपर्यंत पाहिलं. परत येताना मी विचारलं, बाबा, आवडलं नाही का? ते म्हणाले, “चाळ बांधले नव्हते गं त्यांनी.”

तेवढंच. नाच करायचा तर नाचासारखा करा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या मुलांना आमचा नाच शिकायचा नव्हता, आम्ही कसे दिसतो ते दाखवायचं होतं.

पणजीतल्या त्या मिनिटभरात मी हाच विचार करत होते की सभागृहात एखादं चिनी माणूस मागे उभं असतं तर घरी जाताना आपल्या मुलीला काय म्हणालं असतं. टोप्या मी शिवल्यात, म्हणून हे मी मोकळेपणाने म्हणू शकते. यादी आली तेव्हा मला माझ्या भाचीच्या पायांचा रंग खटकला, दुसऱ्यांच्या लेकरांच्या डोक्यावर चढवलेली टोपी खटकली नाही.

तिकडे यावर कामही झालंय. फिल चॅन आणि न्यूयॉर्क सिटी बॅलेतली नर्तकी जॉर्जिना पाझकोगिन यांनी २०१७ मध्ये बॅलेतल्या पिवळ्या रंगवलेल्या तोंडांना निरोप देण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या त्या नावाजलेल्या खेळातल्या चहाच्या नाचात रंगभूषा, केसांचा टोप, वर केलेली बोटं यांत बदल झाले. नाच गेला नाही, उड्या गेल्या नाहीत, उलट उड्या नीट दिसायला लागल्या. सिअ‍ॅटलच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट बॅलेने २०२१ मध्ये तिथे हिरवा रातकिडा आणला. चीनमध्ये रातकिडा शुभ मानतात. फोटो पाहिल्यापासून मी तो पोशाख कसा कापला असेल याचा विचार करतेय. हिरव्या रंगाचं ताणणारं कापड, मिश्या मात्र तारेच्या असणार.

आणि पावडर. रॅव्हन विल्किन्सन ही कृष्णवर्णीय नर्तकी १९५५ मध्ये बॅले रूस द मॉन्टे कार्लो या नामांकित मंडळीत गेली. अमेरिकेच्या दक्षिणेत दौरा असला की तिला तोंडाला पांढरं लावून नाचावं लागायचं, कारण तिथे काळ्या आणि गोऱ्यांनी एका मंचावर उभं राहणंच चालत नव्हतं. पुढे धमक्या इतक्या वाढल्या की तिला दौऱ्यातून मागे ठेवायला लागले. तिच्यानंतर साठ वर्षांनी, २०१५ मध्ये, अमेरिकन बॅले थिएटरमध्ये मिस्टी कोपलँड ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री प्रमुख नर्तकी झाली. भाचीच्या कपाटावर तिचा फोटो आहे. शेजारी नवी मुंबईच्या अमीरुद्दीन शाहचा, वेल्डरच्या मुलाचा, जो २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलपर्यंत पोचला. ती म्हणते, हे दोघे मला ओरडतात, सराव कर म्हणून.

नाताळच्या सुट्टीत भाची माझ्याकडे आली. पौषातली जत्रा होती, द्रौपदीचं आख्यान. मी ब्लाउज द्यायला रंगपटात गेले तर ती मागोमाग आली. देवळाच्या मागच्या पडवीत पेटारे उघडलेले, प्रत्येक कलाकार आपापला आरसा मांडून आपलं तोंड आपण रंगवत बसलेला. दशावतारात रंगवून द्यायला वेगळा माणूस नसतो, संहिताही लिहिलेली नसते, सगळं ज्याचं त्याने उभं करायचं. आमचा स्त्रीपार्टीवाला दिवसा रिक्षा चालवतो. त्याने सफेदा लावायला घेतला आणि भाची समोर बसून टक लावून बघायला लागली.

मग तिने विचारलंच. “द्रौपदी तर काळी होती ना? मग एवढं पांढरं का लावता?”

त्याचा हात थांबला. “व्हय गो बाय. सावळीच ती. कृष्णा नाव तिचा.” थोडा वेळ आरशात बघत राहिला. “आमच्या आज्याच्या टायमाक पलिते असत, मगे गॅसबत्ती इली. सफेदो नसलो तर तोंडच दिसाचा नाय. आता उजेड खूप आसा, ता खरा. पण रंग लावल्याशिवाय माका थंय उभ्या रवाक जमाचा नाय. समोरचे सगळे माझ्याच रिक्षेतसून बाजारात जातत. सफेदो लागलो की मगे मी द्रौपदी. तोपर्यंत रिक्षावालो.”

मग भाचीने त्याला पणजीची गोष्ट सांगितली. मला सांगितली नव्हती तेवढी सगळी. ती एकच डबी, तीन थर, आणि बर्फाचा नाच चालू असताना तिला सारखं वाटत होतं की घामाने मानेवरचं पुसलं जाईल आणि खालची ती दिसेल.

त्याने एकच विचारलं. “कोणी इचारल्यान तुका?”

तिने नाही म्हणून मान हलवली. तो काही बोलला नाही. पिवडीची पुडी पुढे सरकवली, आपल्यापुढचा आरसा तिच्याकडे वळवला आणि सफेद्यात पिवडी किती, हिंगूळ किती, मिसळत कशी जायची, हे तिला दाखवत बसला. तिच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून लावून पाहत होता. बाहेर हार्मोनियमवाल्याने सूर धरला होता आणि त्याला कुणीतरी दोनदा हाक मारली तरी हे दोघे उठले नाहीत.

निघताना तिने आणखी एक विचारलं, “मला मिळेल का द्रौपदीचं काम?” आत बसलेले सगळे पुरुष. समोर चटयांवर बसलेल्या निम्म्या बायका. त्याने आता बायकांची मंडळंही दशावतार करतात असं सांगितलं, पण आपल्या कंपनीचं काही सांगितलं नाही. मीही २६ वर्षं त्या पडवीत जातेय, ब्लाउज देते आणि बाहेर येऊन चटईवर बसते. आख्यान पहाटेपर्यंत चाललं. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला तेव्हा भाची माझ्या खांद्याला टेकून जागी होती, ओठ हलत होते. दहीकाला झाल्यावर आम्ही चालत घरी आलो.

ती पणजीला परत गेल्यावर त्या दुसऱ्या मुलीच्या आईचा फोन आला. टाइट रंगवून मिळेल का विचारत होत्या. मग मी नीट बसून काम केलं. गुलाबी टाइटच्या कापडाच्या चार बोटं रुंद पट्ट्या कापल्या. एक रात्र बुडवलेली, दोन रात्री, तीन रात्री, अशा सात रात्रींपर्यंत. प्रत्येकीच्या टोकाला दोऱ्याच्या गाठी मारल्या, जितक्या रात्री तितक्या गाठी, म्हणजे घोळ व्हायला नको. भाचीची तीन गाठींची. त्या मुलीची पाच असेल असं फोटोवरून वाटतं, पण फोटोवर माझा भरवसा नाही. पट्ट्यांचा एक जुडगा तिच्या आईला पाठवला, एक क्लासच्या बाईंना. सोबत लिहिलं की दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, प्रत्येक मुलीच्या पोटरीला लावून बघा आणि मला फक्त गाठी कळवा. टोप्यांबद्दलही लिहिलं, की यंदाच्या टोप्या मी शिवल्या, पुढच्या वर्षी शिवणार नाही, रातकिडे हवे असतील तर शिवून देईन.

बाईंचं उत्तर अजून आलेलं नाही. पट्ट्यांचा तिसरा जुडगा दुकानाच्या दारात दोरीवर टांगलाय. ब्लाउजचं माप द्यायला येणाऱ्या बायका उभ्या उभ्या त्याला हात लावून बघतात, आपली कितवी ते.